टिबुकल्यांचा दुसरा आकडा

भोपाळमधल्या आमच्या टाउनशिपच्या मागे कारखान्यासाठी पाणी साठवायला बांधलेलं एक तळं आहे. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. रविवारी सकाळी सातला मी ती मोजायला जाते. मला पक्ष्यांचं वेड वगैरे कधीच नव्हतं. नवऱ्याची बदली दुसऱ्या राज्यातल्या युनिटला झाली, मुलगी शिकायला पुण्याला गेली. दोन खोल्यांचं क्वार्टर आवरायला फार तर दोन तास लागतात. बाकीच्या रविवारचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

तो काकांनी सोडवला. काका म्हणजे तपासणी विभागातले माझे वरिष्ठ, मूळचे नागपूरचे. ते कितीतरी वर्षं एकटेच तळ्यावर जात आणि नुसतेच बघून परत येत. "एकट्यानं मोजलेलं वहीत जात नाही," ते म्हणाले. "तुम्ही आलात तर वही सुरू करू."

हा नियम कारखान्यातला. आमच्याकडे कुठलाही भाग एकाने मोजून पास होत नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा कागद बघायचा नाही, मग दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. तळ्याच्या वहीतही काकांनी दोन रकाने आखले. ते बांधाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. तासभर एक शब्द नाही. मग थर्मासमधला चहा आणि आकडे.

चक्रवाक आणि हळदीकुंकू बदकं साधारण जुळायची. वाद व्हायचा टिबुकल्यांवरून. टिबुकली मुठीएवढी असते, सारखी बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते.

"एकवीस," मी म्हणायचे.

"माझ्या चौदा. बाई, तुम्ही एकीचीच दोनदा हजेरी लावता."

"आणि तुम्ही बुडालेल्या सोडून देता."

"बुडालेली गैरहजर जी! तिला उगाच ओव्हरटाइम कशाला द्यायचा?"

असे पाच हिवाळे गेले. मग काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते कोटरा सुल्तानाबादला मुलाकडे राहायला गेले. म्हणजे भोपाळच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून ते तीन रविवार तळ्यावर आले. चौथ्या रविवारी गुडघ्याने नाही म्हटलं. वही त्यांच्याकडेच होती. मी मोजून घरी यायचं, नऊ वाजता फोन करायचा आणि त्यांनी लिहून घ्यायचं, असं ठरलं.

पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "दुसरं कोण मोजतंय?"

कोणी नाही म्हटलं असतं, तर वही तिथेच बंद झाली असती आणि वहीबरोबर तो फोनही. ऑफिसच्या कामापलीकडे आठवड्यात मी जे काही बोलत असे, ते त्या दहा मिनिटांत. मी म्हटलं, "शेजारच्या क्वार्टरमधली बाई येते."

शेजारची बाई होती. रविवारी दहापर्यंत तिच्या खिडकीचा पडदाही हलत नसे.

तिचे आकडे मी बांधावर चहा पिता पिता तयार करायचे. माझ्या टिबुकल्या अठरा, तर तिच्या सतरा. विभागात नवीन आलेली मुलं न मोजता आकडा टाकतात, तेव्हा तो असाच खऱ्याला चिकटून असतो. अशी पोरं मी स्वतः परत पाठवलेली आहेत. पुन्हा मोजून आणा म्हणून. तरी अख्खा डिसेंबर मी तेच करत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आकडे सांगितले. टिबुकल्या सोळा आणि पंधरा. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"मागच्या रविवारी एकोणीस आणि अठरा," काका म्हणाले. "त्याच्या आधी बावीस आणि एकवीस. काय जी बाई, ही शेजारीण टिबुकल्या मोजते की तुमचा कागद?"

मी हातातला आकड्यांचा कागद उलटा ठेवला.

"कोणी येत नाही ना?"

"नाही."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मग फूटपट्टी ठेवल्याचा आवाज आला आणि पेनाची एक लांब ओढ. पुन्हा फूटपट्टी, पुन्हा ओढ. एकेक रविवार ते खोडत होते. मी रिसिव्हर धरून उभी राहिले. सगळं खोडून झाल्यावर "ठेवतो," म्हणाले आणि ठेवला.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं ठरवूनही मी पावणेसातला जागी होतेच. गेले. धुकं होतं, बांधाचं दुसरं टोक दिसत नव्हतं, त्यामुळे तिथे कोणी नाही हेही दिसत नव्हतं. धुकं उठेपर्यंत थांबले. टिबुकल्या तेरा मोजल्या. बुडालेल्या सोडून दिल्या.

नऊ वाजले. फोन करायचं काहीच कारण उरलं नव्हतं. एकटीचा आकडा वहीत जात नाही. सव्वानऊला मी फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला. "पंधरा मिनिटं उशीर," काका म्हणाले. "बोला."

"चक्रवाक आठ. हळदीकुंकू बदकं सव्वीस. टिबुकल्या तेरा."

"दुसरा?"

"कोरा."

 मग पेन चालल्याचा आवाज आला.

"कोरा," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं. "पुढे?"