सुभेदारांची आचारसंहिता

"आचारसंहिता लागली ताई, बंदूक जमा करून घ्या."

ठाण्याच्या दारात चपला काढता काढता सुभेदार असं म्हणाले, की मी ओळखायची. त्यांच्यामागे कुणीतरी माजी सैनिक उभा असणार, त्याच्या खांद्याला कापडात गुंडाळलेली परवान्याची बंदूक असणार आणि निवडणुकीचा कुठे पत्ताही नसणार. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, हे तुम्हाला माहीत असेल. सुभेदार बारा महिने निवडणूक लावायचे.

ठाण्यात जमा होणाऱ्या वस्तूंची खोली माझ्या ताब्यात. सुभेदार स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. सरकारनं त्यांना हे काम दिलं नव्हतं, तरी जुन्या मोटारसायकलवर तामलवाडीपासून नळदुर्गपर्यंत फिरायचे. आमच्याकडे फौजेतून आलेले पुष्कळजण बंदुकीचा परवाना काढून बँकेत नाहीतर कारखान्यावर पहारेकरी होतात. पुढे नोकरी सुटते, बंदूक घरातच राहते. सुभेदार अशा माणसाच्या घरी चहा प्यायचे आणि त्याच्या बायकोला हळूच विचारायचे, "झोपतो का? जेवताना बोलतो का?" दोन्हीला नाही आलं, की लागलीच आचारसंहिता.

पहिल्यांदा मी वैतागले. "काका, घरचे म्हणतात म्हणून बंदूक ठेवून घ्यायचा नियम नाही. मालकानं स्वतः आणून दिली तरच."

"म्हणून तर खोटं बोलतो. हुकूम म्हटला की फौजी ऐकतो. तुझं मन बरं न्हाय म्हटलं, की दार लावून घेतो."

हे खोटं ते ढोकीत शिकले. पलटणीतला त्यांचा दोस्त तिथं कारखान्यावर पहारेकरी होता. एका दुपारी सुभेदार त्याच्या घरी गेले. दोस्त गप्प आहे हे पाहिलं, भिंतीवरची बंदूकही पाहिली, आणि चहा पिऊन परत आले. त्याच आठवड्यात दोस्तानं आत्महत्या केली. "बघितलं समदं, इचारलं काय न्हाय," एवढंच ते म्हणायचे.

सरकारला त्यांनी किती अर्ज केले! तालुक्याला माजी सैनिकांसाठी मनाचा डॉक्टर बसवा, घरच्यांच्या शब्दावर बंदूक ठेवून घ्यायची सोय करा. उत्तर ठरलेलं, 'विषय विचाराधीन आहे.' सुभेदार हसायचे. "आमी सीमेवर विचाराधीन बसलो असतो तर?" पुढे पुढे ते हसेनासे झाले. खरं सांगते, ऐकून ऐकून माझाही जीव शिणला होता.

एकदा तामलवाडीचा एक तोफखान्यातला माणूस त्यांच्या मागून आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"कसली निवडणूक, साहेब?" त्यानं विचारलं.

"पोटनिवडणूक."

"कोण मेलं?"

"अजून कुणी न्हाय. म्हणून तर पळत आलो."

तो सुभेदारांकडे बघत राहिला. मग बाकावर बसला आणि तोंडाला टॉवेल लावून रडायला लागला. सुभेदार त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिले. मी मुकाट्यानं पावती केली. पुढे कितीतरी दिवस ते त्याला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेत होते.

गेल्या थंडीत सुभेदार हृदयविकारानं गेले. त्यांचा विषय अजून विचाराधीनच असेल.

त्यानंतर खरीखुरी निवडणूक आली. गावोगावच्या बंदुका जमा झाल्या, निकालानंतर ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. तामलवाडीकराची तेवढी उरली. नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं, म्हणून मी त्याला फोन करून बोलावलं. तो आला. अंगानं भरला होता, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी होती.

"दादा, निवडणूक झाली, आचारसंहिता उठली. बंदूक नेताय का?"

सुभेदार बसायचे त्या बाकाकडे त्यानं पाहिलं.

"साहेबांनी कुठं उठवली, ताई?" तो म्हणाला. शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि रिकाम्या हातानं घरी गेला.