व्याह्यांचा ब्रेक

दोन हजार चोवीस साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि तोवर आमच्या व्याह्यांइतका हेकट माणूस मी महाडात पाहिला नव्हता आणि पोलादपुरातही नाही. मी चौथीत शाळा सोडली, त्यांनी तिसरीत. ती एक इयत्ता मी त्यांना कधी विसरू दिली नाही.

जन्मभर आंबेनळी घाटात एसटी चालवली त्यांनी. माणूस निवृत्त झाला, पाय झाला नाही. घरचं कोणी प्रवासाला निघालं की हे खुर्ची टाकून बसणार, मनातल्या मनात गाडी हाकणार आणि वळण आलं की उजवा पाय जमिनीवर दाबून ब्रेक मारणार. एकदा आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर गेली, तर एवढ्याशा वाटेत ह्यांनी पायाखालचं गोणपाट फाडलं. "पोचल्या ना सुखरूप? मंग?" असं वर मलाच विचारलं.

माझी सुनंदा, म्हणजे त्यांची सून, तान्ह्या पोराला घेऊन मुंबईहून लंडनला नवऱ्याकडे निघाली. व्याह्यांच्या वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून ते आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे महाडला येऊन बसले. विमान रात्री दोनला सुटणार, सकाळी सातला पोचणार, असं तिकिटावर होतं.

"पाच तास," व्याही म्हणाले. "पोलादपूर-मुंबई एसटीला तेवढेच लागतात. लंडन काय लांब नाय."

हे मात्र मलाही पटलं.

सकाळी सातला त्यांनी विमान उतरवायला पाय दाबला. आठ वाजले. सुनंदाचा फोन बंद, जावयाचा नुसता वाजत राही.

"पाय उचला आता," मी म्हणालो. "विमानाचा ब्रेक काय तुमच्या पायात हाय?"

"मंग कोनाच्या पायात हाय? तुमच्या?"

मंडळी भाकरी घेऊन आली. "खाऊन घ्या. उपाशी बसून इमान लवकर यायचं नाय." ताटाला कोणी हात लावला नाही. दहा वाजले. व्याह्यांच्या पोटरीत गोळा आला, कपाळावर घाम आला, पाय थरथरू लागला, पण सुटला नाही. मी घड्याळाकडे पाठ करून बसलो. पोरीचं नाव घ्यायचीही भीती वाटत होती.

बारा वाजत आले तेव्हा फोन वाजला. सुनंदाचा होता.

"अण्णा, आत्ताच उतरलो. इथे सव्वासात होतायत."

"बारा वाजले गो!"

"तुमच्याकडे. इथलं घड्याळ मागे असतं. तुम्ही फोन केलेत तेव्हा हे झोपलेले, इथे रात्र होती. मामांना सांगा, बाळ अजिबात रडलं नाही."

मी सांगितलं. "मंजे गाडी येळेवर," व्याही म्हणाले आणि पाय उचलू गेले, तर तो उचलेना. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि तेल चोळलं.

"चौथी शिकलात," ते वरून म्हणाले, "आनि घड्याळ नाय कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पोलादपूरच्या एसटीत बसवलं. लंगडत चढले. खिडकीतून माझ्याकडे न बघता ड्रायव्हरच्या पायांकडे बघत बसले. मी घरी येऊन त्यांच्याच खुर्चीत बसलो. आता त्यांची एसटी राजेवाडी फाट्याला आली असेल, असं वाटलं, तसा उजवा पाय जमिनीवर टेकवला आणि दाबून धरला.