आकाशपाळण्यातलं शेवटचं प्रकरण

माझा दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो. पुढे गिऱ्हाईक आरशात मान वाकडी करून चौकट निवडतं, मागे दादा भिंगं घासून तिच्यात बसवतो. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, राहून गेलं. जसं काही दूध आणायचं राहून गेलं. आमच्या वरच्या खोलीत तो एकटा राहतो, जेवायला खाली येतो आणि पुस्तक पाण्याच्या भांड्याला टेकवून वाचत जेवतो. भाजीत मीठ नसलं तरी त्याला कळत नाही. मला मात्र राग येतो.

त्याला वेडं दोनच, जाडजूड कादंबऱ्या आणि थीम पार्क. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पोराटोरांच्या रांगेत पुस्तक उघडून खुशाल उभा राहतो. मतं तर विचारू नका. भुताचं घर स्वस्तातलंच हवं, सांगाड्यामागची वायर दिसलीच पाहिजे, नाहीतर माणूस खरोखर घाबरतो आणि मजा जाते. खोट्या डोंगराला टिचकी मारून तो पोकळ आवाज ऐकणार आणि खूष होणार. ज्या कादंबरीत पहिल्या पन्नास पानांत कुणी जेवत नाही, तिच्यावर त्याचा विश्वास नाही. रोलरकोस्टरबद्दल म्हणतो, "वर चढताना साखळी कडकडते ना, ती खरी कादंबरी. खाली काय, दगडसुद्धा येतो."

हे सगळं ऐकून घेणारा माणूस त्याला जन्मात एकच भेटला. इस्पितळात एक्स-रे काढायचा, ताडमाड उंच. चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला, तेव्हा त्याच्या काखेत नेमकं दादा वाचत होता तेच पुस्तक होतं. काडी पाच मिनिटांत बसली, गृहस्थ दुकान बंद होईपर्यंत हलला नाही. घरात आम्ही त्याला 'आरपार' म्हणायला लागलो.

दोघांनी मिळून एक रीत पाडली. एकच पुस्तक दोघांनी आपापल्या घरी वाचायचं, पण शेवटचं प्रकरण सोडून. त्या पानांना रबरबँड लावायचा. मग सुट्टीच्या दिवशी पार्कात जाऊन आकाशपाळण्यात बसायचं आणि एकाने ते प्रकरण मोठ्याने वाचायचं. पाळणा संथ फिरायचा. प्रकरण लांबलं तर पुन्हा तिकीट. पाळणेवाला दार लावताना विचारायचा, "आज कोण मरतंय?"

निवृत्त झाल्यावर आरपार दुसऱ्या शहरात मुलीकडे राहायला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या लाडक्या कादंबरीमालिकेचा शेवटचा भाग आला. बर्फाच्या मुलुखात कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल पोचवणाऱ्या बाईची ती गोष्ट. पहिल्या भागात घर सोडून निघालेली बाई परत घरी पोचते की नाही, यावर या दोघांनी आयुष्यातले किती रविवार घालवले असतील, देव जाणे. फोनवर ठरलं, "मी आलो की पाळण्यात." दादाने पुस्तक वाचलं, शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावला आणि वाट बघत बसला.

आरपारचं येणं लांबतच गेलं. कधी नात आजारी, कधी गुडघे. इकडे दादा डोळ्यांत तेल घालून त्या शेवटापासून स्वतःला जपत होता. एकदा दुकानात एक गिऱ्हाईक बाई त्याच पुस्तकाबद्दल बोलायला लागल्या, तर याने भिंग नसतानाच घासायचं मशीन सुरू केलं. एका रविवारी एकटाच पार्कात गेला आणि लवकर परत आला. म्हणाला, "एकट्यालाही बसवतात गं. पण डबा एका बाजूला कलतो." त्या दिवशी जेवताना त्याने पुस्तक उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण मी नुसतीच भाजी वाढली.

शेवटी यंदा आरपार आला. दादाने केस कापून घेतले, शर्ट दोनदा बदलला. मला म्हणाला, "तूही चल, फोटो काढायला." पाळणेवाला नवीन होता, त्याने काही विचारलं नाही. डबा वर चढायला लागला. दादाने पिशवीत हात घातला, तेवढ्यात आरपार बाहेर बघत म्हणाला, "काय शेवट केला रे त्याने. अजून आठवलं की कसंतरी होतं."

दादाचा हात पिशवीतच राहिला. "कधी वाचलंस?"

"आलं त्याच आठवड्यात. लेकीने आणून दिलं. राहवतंय कशाला? तूही तेव्हाच वाचलं असशील."

मला त्या ताडमाड माणसाला तिथेच चार शब्द सुनावायचे होते. दादाने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हो तर," तो म्हणाला, "कधीच."

"बघ ना, एवढी वणवण करून बाई घरी पोचते," आरपार सांगायला लागला, "आणि दार उघडतं कोण? अनोळखी माणसं. घर केव्हाच विकलेलं. ती त्यांना त्यांचं टपाल देते, कुत्र्यांना पाणी मागते आणि निघते. आपलं घर होतं, हे एका शब्दाने सांगत नाही."

आम्ही अगदी वर होतो. दादा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होता, मधूनमधून मान डोलवत होता, आठवतंय म्हणून.

"तुला काय वाटलं रे," आरपारने विचारलं, "सांगायला हवं होतं का तिने?"

"नको," दादा म्हणाला. "ती माणसं बिचारी ओशाळली असती."