शेळीचं हरीण

माझ्या एकुलत्या एका पुस्तकाची नायिका शेळी होती. सिनेमावाल्यांनी तिचं हरीण केलं, आणि त्या दुःखात मी वर्षभर दाढीसुद्धा मनापासून केली नाही.

हसू नका. ती शेळी खरी होती. आमची कुसुम तान्ही असताना फार अशक्त. डॉक्टर म्हणाले, शेळीचं दूध द्या. म्हणून सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गंगी आली. (ती अंगणात राहील आणि आम्ही घरात, असं ठरलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात ते ठरणं वाहून गेलं.) पेठेतल्या शेळ्या राखायला म्हादबा नावाचा एक म्हातारा होता. सकाळी दारोदारच्या शेळ्या गोळा करून तो माळावर न्यायचा आणि दिवेलागणीला पेठेच्या तोंडाशी आणून सोडायचा. तिथून पुढं शेळ्या आपापल्या घरी जात. गंगी येऊन दाराला टक्कर मारायची आणि कुसुम धावत जाऊन दार उघडायची.

एका संध्याकाळी टक्कर ऐकू आली नाही. म्हादबा डोक्याचं मुंडासं हातात घेऊन आला.

"मास्तर, लई हुडकली. पार वढ्यापतुर गेलो. न्हाय गावली."

कुसुम तेव्हा पाच-सहा वर्षांची. ती रोज दिवेलागणीला दार उघडून उंबऱ्यात उभी राहू लागली. तिची आई म्हणायची, "गंगी माहेरी गेलीय गं, येईल." मी चिडायचो. मुलांशी खोटं बोलू नये, हे माझं तत्त्व. पण खरं काय ते सांगायला म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसायचो, आणि तिला पाढे विचारून परत यायचो! शाळेत वर्गभर पोरांना मृत्यूच्या कविता शिकवणारा मी, घरात एका मुलीला एवढं सांगू शकलो नाही. शेवटी मी ते लिहून काढलं.

तेच माझं पुस्तक. 'कुसुमची गंगी'. शेवटच्या पानावर मुलगी दार उघडं ठेवून उभी असते. सगळ्या शेळ्या आपापल्या घरी जातात. गंगी येत नाही. मग मुलगी दार लावते. संपलं.

मी ते कुसुमला वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवसापासून ती दारात उभी राहिली नाही. तिला ते समजलं का तिचं मनच मोडलं, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. पुस्तक छापलं गेलं, शाळाशाळांत गेलं, लोकांनी नावाजलं. मी मात्र अधूनमधून तिच्या तोंडाकडं चोरून बघायचो.

अशात पुण्याकडच्या एका सिनेमा कंपनीचे मॅनेजर घरी आले. रेशमी कोट, दोन अंगठ्या. त्यांनी चहा घेता घेता सांगितलं, की तुमच्या पुस्तकावर चित्रपट काढायचा आहे. मला एकदम उचकी लागली. आमच्या घरातून, म्हणजे कुसुमच्या आईचा, आतूनच आवाज आला, "अहो, हो म्हणा, पण शेवट बदलायचा नाही म्हणावं."

"काना-मात्रा बदलणार नाही, वहिनी!" मॅनेजर म्हणाले.

खरंच त्यांनी काना-मात्रा बदलली नाही. बाकी सगळं बदललं.

काही महिन्यांनी मी कौतुकानं कंपनीच्या आवारात गेलो. समोर किल्ला होता. (लाकडाचा. त्याला टेकलो तर हलला.) राजकन्येच्या वेषात एक भरदार बाई विडा चघळत बसल्या होत्या.

"या कोण?"

"तुमची कुसुम," मॅनेजर म्हणाले.

"पुस्तकातली कुसुम सहा वर्षांची आहे!"

"पडद्यावर लहान दिसतात."

मग तलवार घेतलेला, पिळदार मिशांचा एक इसम दाखवून ते म्हणाले, "हा तुमचा म्हादबा. दुष्ट आहे. तोच पळवतो."

"शेळीला?"

"हरणाला. मास्तर, शेळी पडद्यावर फार गरीब दिसते हो. राजकन्येजवळ हरीणच पाहिजे."

"मग हरीण कुठाय?"

मॅनेजर जरा घुटमळले. हरीण मिळालं नव्हतं. मिळालं होतं ते पहिल्याच दिवशी किल्ल्यावरून उडी मारून गेलं होतं. म्हणून त्यांनी बाजारातून एक बोकड आणून त्याला पिवळा रंग दिला होता आणि वर पांढरे ठिपके काढले होते. म्हणजे माझ्या शेळीचं काम हरीण करणार होतं आणि हरणाचं काम बोकड! त्याची दाढी कापायची राहिली होती. बोकड माझ्याकडं बघून ओरडला. मला त्या सबंध आवारात तेवढाच एक आपला माणूस वाटला.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"हरीण परत येतं."

"परत येत नाही!"

"मास्तर, रडत बाहेर गेलेला प्रेक्षक दुसऱ्या खेळाला येत नाही. हरीण आलं की तोही येतो."

"मी मुलांना खोटं सांगत नाही!"

"तुम्ही नका सांगू. आम्ही सांगतो."

मी तिथंच शपथ घेतली, की हा चित्रपट मी बघणार नाही, घरच्यांना बघू देणार नाही, आणि सोलापुरात कोणालाही बघू देणार नाही. मॅनेजरांनी मला स्टेशनवर सोडायला टांगा दिला. मी तो नाकारला आणि रागारागानं उलट्या दिशेला बराच चालत गेलो.

तोंड मिटून बसायचं म्हटलं तरी गाव ऐकत नाही. वर्षाच्या आत चित्रपट सोलापुरात आला. ते दिवस मूकपटांचे. गावात शिवलिंगप्पांचा सिनेमाचा मोठा तंबू होता. पडद्याशेजारी छडी घेऊन एक माणूस उभा राहायचा आणि पडद्यावर काय चाललंय ते मोठ्यानं सांगायचा. राजा आला की राजाच्या आवाजात, राणी आली की राणीच्या. वाचता न येणाऱ्यांना त्याचाच आधार. पेटी-तबलावाले खाली बसत. पहिल्या खेळाच्या दुपारीच त्या सांगणाऱ्याचा घसा बसला, आणि शिवलिंगप्पा धापा टाकत माझ्या दारात.

"मास्तर, तुमचंच पुस्तक. आज तुमीच सांगा की!"

मी नाही म्हणणार होतो. शब्द ओठावर होता. एवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चित्रपट मुका आहे! त्यांच्याजवळ चित्रं आहेत, पण तोंड माझं आहे. मी माझी गोष्ट सांगेन. शब्दन् शब्द. गंगी परत येणार नाही!

"येतो," मी म्हणालो.

"अहो, पण दिसणार हरीण आणि तुम्ही शेळी म्हणणार?" आमच्या घरातून विचारलं.

"शेळीच आहे ती. म्हणजे बोकड आहे. हरणापेक्षा जवळचा!"

"लोक मारतील."

"सत्यासाठी मारतील."

"मग मी आणि कुसुम पुढंच बसतो," ती म्हणाली. "कोणीतरी घरी आणायला पाहिजे."

तंबू खच्चून भरला होता. एका बाजूला बायका, दुसरीकडं पुरुष, पुढं जमिनीवर पोरं. मी काळा कोट घालून, छडी घेऊन उभा राहिलो. दिवे गेले. पडद्यावर किल्ला आला.

"हे भवानी पेठेतलं एक साधं घर," मी गंभीरपणे सांगितलं.

 मग मागून, "मास्तर, आमी भवानी पेठेतच ऱ्हातो. कुटं हाय हे?"

"आतल्या बाजूला," मी म्हणालो आणि पुढं गेलो.

भरदार बाई आल्या. "ही सहा वर्षांची कुसुम." बायकांच्या बाजूला कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग ठिपकेवाला बोकड आला. "आणि ही तिची शेळी, गंगी."

"हरीण हाय की ओ!"

"शेळी आहे!"

"ठिपकं हायती!"

"दाढी बघा!" मी छडीनं पडद्यावर दाढी दाखवली. सबंध तंबूनं माना वाकड्या करून दाढी बघितली. एक विणकर उठून आपल्या मंडळींना तेलुगूत समजावू लागला, त्यावर तिकडं वाद सुरू झाला. एकंदरीत दाढीचा पक्ष भारी ठरला आणि मला थोडा धीर आला.

तो फार टिकला नाही. पडद्यावर मिशाळ दुष्ट उघडी तलवार घेऊन धावत आला. पेटी-तबलावाल्यांनी लढाईची गत धरली.

"हा म्हादबा. फार प्रेमळ म्हातारा. शेळ्यांसाठी पाला कापायला निघालाय," मी सांगितलं.

म्हादबानं दोन शिपाई कापले.

"पाला कुटाय मास्तर?"

"पुढं आहे!"

आता माझ्या अंगाला घाम सुटला. खरा म्हादबा प्रेक्षकांत बसला होता. तो उठून हात जोडून म्हणाला, "मास्तर, देवाशपथ, म्या कुणाला मारलं न्हाय!" तंबू हसून लोळायला लागला. शिवलिंगप्पा कनातीच्या कडेनं मला खुणा करत होते. त्या शिव्यांच्या होत्या, एवढं मला कळलं. राजपुत्र घोड्यावरून आला, ते मी 'पोस्टमन' म्हणून निभावलं. किल्ला जळाला, ते 'चुलीतला धूर जास्त झाला' म्हणून सांगितलं. मी हट्टाला पेटलो होतो. सारं गाव हसलं तरी चालेल. शेवट माझा होणार होता.

आणि शेवट आला.

राजकन्या वाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. संध्याकाळ. दार उघडं. सिनेमावाल्या चोरांनी बाकी सगळं सोडलं असेल, पण हे एक दृश्य त्यांनी माझ्या पुस्तकातून जसंच्या तसं उचललं होतं. पेटी थांबली. मला चित्राशी भांडावं लागेना. माझे शब्द आपोआप त्यावर बसत गेले.

"दिवेलागण झाली," मी सांगू लागलो. "पेठेतल्या शेळ्या परत आल्या. एक या घरात गेली, एक त्या घरात. मुलगी दारात उभी आहे. ती वाट बघते आहे."

तंबूत कोणी खोकलंसुद्धा नाही. हसणारे तेच लोक, पण आता त्यांचा श्वास ऐकू येत होता. पडद्याच्या उजेडात मला पुढं बसलेली कुसुम दिसली. आता दहा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. तिचं तोंड अगदी तसं होतं, त्या संध्याकाळी उंबऱ्यात असायचं तसं. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते. गंगी आली नाही. त्यासाठीच मी आलो होतो, त्यासाठीच एवढी शोभा करून घेतली होती. मी तोंड उघडलं.

पडद्याच्या कोपऱ्यातून तो ठिपक्यांचा बोकड दुडदुडत आला आणि दाराला टक्कर मारली.

"आली!" मी ओरडलो. "आली गं, आली! गंगी आली!"

माझा आवाज फाटला. छडी हातातून पडली. मी हुंदके देत होतो आणि तंबू उभा राहून टाळ्या पिटत होता. "वन्समोर" झाला. शिवलिंगप्पांनी रीळ पुन्हा फिरवलं, आणि मी पुन्हा तितक्याच मोठ्यानं ओरडलो. खरा म्हादबा मुंडाशानं डोळे पुसत होता. मॅनेजरांनी परत आणलं ते हरीण. शेळी मी आणली, माझ्या तत्त्वाला आणि पुस्तकाला लाथ मारून!

परतताना मी कुसुमचा हात धरून चाललो होतो. कुसुमची आई पुढं होती, तिचे खांदे हसण्यानं हलताना दिसत होते. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी आपण मुलीला तिची शेळी परत दिली. आता विचारावं.

"कुसुम, बरं वाटलं ना, गंगी आली म्हणून?"

 ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "नाना, गंगी येत नसते. पुस्तकात लिहिलंय की तुम्ही. मला तेव्हाच समजलं."

"मग तू ओरडून सांगितलं का नाहीस, की ही गंगी नव्हे?"

"सांगणार होते," कुसुम म्हणाली आणि माझा हात जरा घट्ट धरला. "पण तुम्हीच इतके रडत होतात. म्हटलं, नानांना नको सांगायला."