अकरा किल्ल्यांच्या मावशी

भोरमधल्या आमच्या गल्लीत मावशींचं सोडून अकरा घरं आहेत आणि अकरा मालक आहेत, असं नगरपालिकेच्या दप्तरात लिहिलेलं असेल. पण ते तितकंसं खरं नाही. अकराही घरं समोरच्या मावशींची होती, आम्ही आपले तिथं झोपायला यायचो. सकाळी सहापासून गल्ली रिकामी व्हायला लागायची. कुणी स्वारगेटची एसटी गाठायला पळायचं, कुणी शिरवळच्या कंपनीच्या बसला, कुणी दुचाकीवरून नसरापूरला. आणि पळता पळता प्रत्येक जण मावशींच्या उंबऱ्याशी थांबून घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवायचा. घरात म्हातारं माणूस असतं, दुपारी शाळेतून पोर येतं, गॅसची टाकी येते. पुण्यात बसून हे सगळं कोण बघणार? मावशी बघायच्या. कुणी त्यांना नेमलं नव्हतं आणि त्यांना ‘नको’ म्हणायची छाती गल्लीत कुणाची नव्हती.

किल्ली देणं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा होती. मावशी किल्ली मुठीत धरायच्या आणि डोळ्याला डोळा भिडवून विचारायच्या, “गॅस बंद केला? पाण्याची मोटर? मागची कडी?” उत्तर द्यायला अर्धा क्षण जरी उशीर झाला तरी किल्ली परत हातात आणि माणूस परत घरात. शिरवळला जाणाऱ्या एका गृहस्थाची बस यापायी महिन्यातून दोनदा तरी चुकायची. एकदा तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, “मावशी, अहो बस गेली!” मावशी शांतपणे म्हणाल्या, “बस काय, दुसरी येती. घर जळालं तर दुसरं येतं व्हय?” त्यानंतर त्याने रोज पंधरा मिनिटं आधी उठायला सुरुवात केली. मी सकाळच्या शाळेतला मास्तर, बायकोही दिवसभर नोकरीला. पोरांची परीक्षा घेण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही असं मला वाटायचं. पण त्या उंबऱ्यावर जाण्याआधी मीही मागची कडी दोनदा बघून यायचो.

मावशी मूळच्या वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझरच्या. लग्न होऊन भोरला आल्या, पण बोली बदलली नाही आणि स्वभाव तर नाहीच नाही. किल्ली घेतली की त्यांचा दुसरा हुकूम सुटायचा, “तोंड फिरवा.” मग आपण रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि आतून डब्याचं झाकण उघडल्याचा, लागल्याचा आवाज ऐकायचा. किल्ली परत मागायला गेलं तरी तेच. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या तलाठ्यांनी एकदा हसून म्हटलं, “अहो मावशी, मी सरकारी माणूस आहे.” मावशी म्हणाल्या, “आसाल. तुमच्या चावडीत. हितं रस्त्याकडं बघा.” तलाठी निमूटपणे रस्त्याकडे बघत उभे राहिलेले मी स्वतः पाहिले आहेत.

मावशींच्या स्वयंपाकघरात तीन फळ्यांवर पंचवीस-तीस स्टीलचे डबे होते. सगळे एकसारखे, एकावरही चिठ्ठी नाही. अकरा किल्ल्या या डब्यांमध्ये, धान्याच्या पोटात असायच्या. किल्लीला नाव बांधणं म्हणजे चोराला पत्ता लिहून देणं, असं त्यांचं म्हणणं. देताना त्या किल्ली पदराला पुसायच्या, पण कधी एखादा दाणा चिकटून यायचाच. त्यावरून गल्लीने एक शोध लावला. वरच्या अंगाला राहणाऱ्या, कधी कुणाशी गोड न बोलणाऱ्या गृहस्थांच्या किल्लीला मेथीचा दाणा सापडला. उठसूट तडतडणाऱ्या एका बाईंच्या किल्लीला मोहरी सापडली. झालं! मावशी माणसाचा स्वभाव बघून डबा ठरवतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हापासून आपापली किल्ली हातात पडली की जो तो आधी तिचा वास घ्यायला लागला. माझ्या किल्लीला कधी वास आला नाही की दाणा चिकटला नाही. मी आपला मनात साखर धरून बसलो होतो. फक्त मुंगी कधी दिसली नाही.

एका किल्लीबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. आमच्यापासून तिसऱ्या घरात आप्पा राहायचे. मुलगा पुण्याला नोकरीला, सून शिरवळच्या कंपनीत. आप्पांना साखरेचा त्रास, आणि अधूनमधून विसरायला व्हायचं. एकदा ते बंडीवरच एसटीत बसून थेट महाडला जाऊन आले. परत आल्यावर स्वतःच सुनेला म्हणाले, “बाई, तू बाहेरून कुलूप लावून जात जा.” त्या लोखंडी जाळीच्या दाराच्या कुलपाची किल्ली मावशींकडे; सुनेने तिला लाल लोकर बांधली होती. मावशी बाराला कुलूप उघडून आप्पांना जेवायला वाढायच्या, चारला चहा न्यायच्या. आणि एवढं करून त्या सुनेशी मावशींचं रोज सकाळी वाजायचं. सुनेची स्कूटर मावशींच्या तुळशीपुढे लागायची. “दारात गाडी लावतीस, का माज्या छाताडावर?” इथपासून सुरुवात व्हायची. सूनही गप्प बसणारी नव्हती. तेव्हा ती लाल लोकरीची किल्ली तिखटाच्या डब्यात असणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

त्या दिवशी विंझरला मावशींच्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मावशी वर्षानुवर्षं भोरबाहेर गेल्या नव्हत्या. जाऊ की नको करत त्या आठ दिवस अस्वस्थ होत्या. शेवटी सूनच म्हणाली, “जा हो मावशी, एका दिवसाने काय होतंय? मी आप्पांचं ताट झाकून ठेवते.” मावशी गेल्या. जाताना स्वतःच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे मला दिली, कारण गल्लीत दुपारी घरी असणारा धडधाकट माणूस मी एकटा. ती किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायची, असा कैक वर्षांचा रिवाज होता; माझी स्वतःची किल्ली त्या दिवशी माझ्याकडेच राहिली. “चारच्या आत येती,” त्या म्हणाल्या, आणि एसटी स्टँडकडे वळताना तीनदा मागे वळून पाहिलं.

तीनच्या सुमाराला मी वह्या तपासत होतो. आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ते काहीच नाही मला आवडलं नाही. मी आप्पांच्या घराकडे गेलो तर खिडकीपाशीच गॅसचा वास आला. आत डोकावलो. ओट्याखाली आप्पा आडवे पडले होते, शेजारी पातेलं, फरशीवर दूध. उतू गेलेल्या दुधाने शेगडी विझली होती आणि गॅस सुटत होता. मी हाका मारल्या. आप्पांची बोटं हलली, एवढंच.

मी वहाणेने खिडकीची काच फोडली. गज होते, हात पुरेना. जाळीचं दार हलवलं; ते काही हलणारं नव्हतं. सुनेला फोन लावला, तर कंपनीत फोन फाटकावर जमा. मुलाला लावला, तो “निघालो, निघालो” म्हणाला. पण पुण्याहून निघालेला माणूस दीड तासाने पोचणार. मावशींना लावला, तर विंझरच्या वाटेवर रेंज नाही. माझ्या ओरडण्याने कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला धावत आला, तो हातातली इस्त्री तशीच घेऊन. आत निखारे लाल! “काय झालं मास्तर?” म्हणत तो गॅसच्या वासात शिरतोय आणि मी शाळेत कधी काढला नसेल असा आवाज काढून त्याला मागे रेटतोय. इस्त्री लांब ठेवून आला आणि दगडाने कुलपावर घाव घालायला निघाला, तर मला ठिणगीची भीती. “थांब,” म्हटलं, “किल्ली आणतो.”

खिळ्यावरची किल्ली काढून मी मावशींचं घर उघडलं आणि त्या तीन फळ्यांसमोर उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून.

तिखट शोधायला चार डबे उघडावे लागले. मिळाल्यावर सरळ परातीत उपडं केलं. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा, किल्ली नाही. मेथीत एक किल्ली, लोकर नाही. मोहरी हातातून निसटून फरशीभर पसरली, तीवरून घसरून मी गुडघ्यावर आपटलो. तिथेही किल्ली, पण दुसरीच. हळद, चिंच, कडवे वाल. त्या सुनेवरच्या रागाला शोभेल असा एकेक जिन्नस मी आठवून उपडा करत होतो. बाहेरून इस्त्रीवाला ओरडला, “मास्तर, आप्पा हलना झाल्यात!” तिखट-हळदीने माखलेल्या बोटांना झाकणं निघेनात. अकरा घरांचा विश्वास या फळ्यांवर होता आणि मला त्यातलं एक झाकण सापडत नव्हतं. त्या क्षणी मला मावशींचा भयंकर राग आला. काय अडलं होतं एक चिठ्ठी लावायला?

आणि मग ओट्याकडे लक्ष गेलं. गॅसशेजारी एक लहान डबा वेगळाच ठेवलेला होता. त्याचं झाकण हाताळून हाताळून गुळगुळीत झालं होतं. मावशींच्या घरात सारखं काय उघडतं? आप्पांना चारला काय जातं? मी झाकण काढलं. चहाच्या पुडीत, अगदी वर, लाल लोकर दिसत होती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. कुलूप उघडलं, मी नाकाला रुमाल लावून आत शिरलो, आधी रेग्युलेटर बंद केला, मग इस्त्रीवाल्याने आणि मी आप्पांना उचलून बाहेर तुळशीपाशी आणलं. डॉक्टर आले. साखर उतरून चक्कर आली होती; गॅस खिडकीतून बराचसा निघून गेल्यामुळे निभावलं. सुई टोचल्यावर आप्पांनी डोळे उघडले, आमच्या घामाघूम चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “चार वाजले का? चहा कुठाय?” इस्त्रीवाला हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मीही काही वेगळं केलं नाही.

मावशी चारच्या आधी आल्या. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्या पळत आल्या. मावशींना पळताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आप्पांच्या कपाळाला, हातांना त्यांनी हात लावून बघितला. मग स्वतःच्या घरात गेल्या आणि मोहरी, हळद, तिखट पसरलेल्या त्या फरशीवर मधोमध बसल्या. आता माझी धडगत नाही असं वाटून मी दारातच उभा राहिलो. पण त्या बोटांनी फरशीवरची मोहरी गोळा करायला लागल्या. थोड्या वेळाने सून आली; नवऱ्याने कंपनीत निरोप धाडला होता. स्कूटर पुन्हा तुळशीपुढेच लावली आणि आत येऊन मावशींच्या मांडीवर डोकं टाकलं. “म्याच जायला नको हुतं गं,” मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “मीच पाठवलं तुम्हाला,” ती म्हणाली.

मला राहवेना. म्हटलं, “मावशी, मी आधी तिखटात शोधली.”

“तिखटात? का?”

मी गल्लीचा शोध सांगितला. कुणाचा स्वभाव कसा आणि कुणाचा डबा कुठला, सगळं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. “मास्तर, येवढं शिकलात तुमी,” त्या म्हणाल्या, “आन् हे डोस्क्यात आलं? आवो, ज्याची लई काळजी, त्याची किल्ली रोज उघडायच्या डब्यात. झाकान काडलं का दिसती, दिसली का आठवन व्हती. आप्पांची चहात. त्या तडतड्या बाईचं पोर सांजच्याला शाळंतनं येऊन एकलं आसतं, तिची मोहरीत; फोडनी काय चुकती का? मेथीवाल्याच्या घरात एक मांजर, त्याची कसली आलीय काळजी?”

“आणि माझी?” मी विचारलं.

“तुमचा डबा वळखला का न्हाई?”

“नाही.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि केरसुणी मागितली.

त्यानंतर मावशी गल्ली सोडून हलेनाशा झाल्या. देवळातही जायच्या नाहीत. दुपारी मी झोपलो असलो तर खिडकीतून हाक मारून “वास येतोय का?” विचारायच्या. रात्रीतून दोनदा उठून अकरा कुलपं चाचपून यायच्या. जरब होती ती कमी झाली. कुणी गॅस बंद केल्याचं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना, आणि परत पाठवायचं सोडून त्या स्वतःच बघायला जायला लागल्या. आम्हाला ते बघवेना. शेवटी त्यांची मुलगी आली आणि त्यांना पुण्याला आपल्या घरी घेऊन गेली. जायच्या दिवशी मावशींनी ज्याची किल्ली त्याच्या हातात दिली. तोंड फिरवायला कुणालाच सांगितलं नाही.

माझी त्यांनी सगळ्यांत शेवटी काढली. वरच्या फळीवरच्या कोपऱ्यातला डबा, आत भगर. महाशिवरात्र आणि आषाढी सोडली तर त्याचं झाकण निघत नसावं. मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. ते त्यांना दिसलं असावं.

“तुमची काय काळजी, मास्तर?” त्या म्हणाल्या. “तुमी हितंच आसायचात. खिडकीत बघितलं का दिसायचात.” मग स्वतःच्या घराला कुलूप लावून त्यांनी ती किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि खिळ्याला नीट अडकवा म्हणाल्या.

मी हो म्हणालो, पण अडकवली नाही. आता ती आमच्या चहाच्या डब्यात असते. बायको कुरकुरते, चहाला लोखंडाचा वास येतो म्हणते. येत असेल. सकाळी एकदा आणि चारला एकदा मी झाकण काढतो, किल्ली दिसते, आणि मी पुण्याला फोन लावून विचारतो, “मावशी, गॅस बंद केला का?”