तेरा नंबरची खाट

माझी सून प्रोग्राम लिहिते. घराला कुलूप लावून फाटकापर्यंत गेली की ती परत येते, कुलूप ओढून बघते आणि मग निघते. माझा मुलगा तिला 'तपासनीस' म्हणतो. तिच्या कामातलं मला फारसं कळत नाही. इथे काही चुकीचं लिहिलं गेलं, तर ती चूक माझी.

ज्या हॉस्पिटलात मी तीस वर्षं वायरमन होतो, तिथल्या बारा खाटांच्या वॉर्डात बिनतारी बेलचा नवा स्क्रीन लावायचं काम तिच्या ऑफिसला मिळालं. पेशंटने उशाशी असलेलं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावरच्या या स्क्रीनवर खाटेचा नंबर येणार होता. जुन्या तारा मीच घातलेल्या, म्हणून काढायलाही मलाच बोलावलं. नवं आठ दिवस चालल्याशिवाय जुनं तोडू नये, ही आमच्या धंद्यातली रीत. सून म्हणालीही, "बाबा, राहू द्या अजून." पण मोठ्या सिस्टरना भिंत मोकळी हवी होती आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. अकरापर्यंत सगळ्या तारा मुळापासून ओढून काढल्या.

साडेअकराला स्क्रीन वाजला. आकडा आला तेरा.

"अगं बाई! बारा खाटांत तेरावी कुठून आणलीस?" टेबलावरची सिस्टर हसली. "गच्चीवर टाकलीस की काय?"

सून हसली नाही. पुन्हा तेरा. लगेच पुन्हा तेरा. कुणीतरी बटण दाबतच होतं.

तेराच्या जवळची म्हणून ती आधी बाराव्या खाटेकडे धावली. तिथल्या काकू गाढ झोपलेल्या. मग अकरा, दहा, नऊ... एकेक पडदा ओढत निघाली. सिस्टरही मागोमाग. चौथ्या खाटेच्या पडद्यामागे एक आजोबा सापडले. ओठ निळसर पडलेले, छाती भात्यासारखी हलतेय, अंगठा बटणावर रुतलेला.

सिस्टरनी ऑक्सिजन लावला. डॉक्टर आले. थोड्या वेळाने म्हणाले, "ठीक आहेत. पण उशीर झाला."

मोठ्या सिस्टर सुनेकडे वळल्या. "तुमचा हा डबा उचला."

"अर्धा तास द्या."

"तोवर माझ्या पेशंटनी काय शिट्ट्या मारायच्या?"

तारा परत घालायच्या तर दिवस गेला असता. शेवटी सगळे पडदे उघडे ठेवून दोन सिस्टर वॉर्डात उभ्या राहिल्या.

सुनेने लॅपटॉप उघडला. मी पाण्याचा ग्लास धरून नुसता उभा. वाचता वाचता ती थांबली आणि तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, ऑफिसात दोनच बटणं होती, तेव्हा दोन मेथड, म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचं त्याच्या ओळी, लिहिल्या होत्या, नाव देऊन. नीट चालल्या. इथे बारा. बारा नावं कुठे देत बसू? म्हणून काल निनावी मेथड लिहिली. जागच्या जागी दोन ओळी, त्या बटणाला देऊन टाकायच्या. एक ते बारा अशा फेऱ्या मारून."

"मग बिघडलं कुठे?"

"मला वाटलं, प्रत्येकीजवळ आपापला नंबर राहील. पण त्या नंबर ठेवतच नाहीत. नंबर ज्या डबीत असतो, ती डबी तेवढी धरून ठेवतात. आणि डबी बाराही जणींत एकच! दर फेरीअखेर त्यातला आकडा एकने वाढतो, म्हणून बारावी संपताना त्या डबीत तेरा आला, मग फेऱ्या थांबल्या. आता कुणीही बटण दाबा, डोकावणार त्याच डबीत."

"मग?"

"प्रत्येक फेरीत नवी डबी घ्यायची आणि त्या फेरीचा आकडा तिच्यात उतरवायचा."

एका ओळीचं काम. पण ती ओळ तिने पाच वेळा वाचली.

"आता बरोबर आहे ना गं?"

"कालही बरोबरच वाटलं होतं, बाबा."

मग प्रत्येक खाटेशी जाऊन मी बटण दाबलं आणि ती स्क्रीनशी बसून आकडा ओरडत राहिली. एकापासून बारापर्यंत, मग उलटं, मग कसंही. सगळे बरोबर आले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण काही सुटला नाही.

दुपारी ती आजोबांच्या खाटेशी गेली. त्यांच्या ओठांना रंग आला होता. बटण अजून मुठीतच होतं.

"माफ करा, आजोबा."

"तुझं काय त्यात, पोरी? मशीनच बिघडलं."

"नाही. ते मीच तसं लिहिलं होतं."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. टेबलावरची सिस्टर धावत थेट चौथ्या खाटेशी आली.

"काय होतंय, आजोबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "येतेस का, ते बघत होतो."

सिस्टर कपाळाला आठ्या घालून परत गेली. आजोबांनी पुन्हा दाबलं.