सफेदा लावलेले बोल्ट

आमच्या शेजारच्या पानेदादांची सगळी हयात पाण्याच्या पंपघरात गेली. नळाच्या सांध्यातून थेंब गळला, की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. म्हणून नट घट्ट बसला तरी वर आणखी एक पिळा द्यायची त्यांची रीत. पान्याशिवाय दिसत नसत, म्हणून गल्लीने त्यांना पानेदादा केलं. त्यांनी झाकण लावलेली साखरेची बरणी घेऊन वहिनी आमच्या दारात उभ्या राहत. "भाऊजी, तुमच्या घरात कुणी पैलवान आहे का?"

निवृत्तीनंतर दादांनी एक जुनी जीप घेतली. सुरुवातीला दोघं ती उघडीच हिंडवत. वाऱ्याने वहिनींचे केस विस्कटत आणि त्या खळखळून हसत. पुढे पावसासाठी दादांनी वर पत्र्याचा टप बसवला. बोल्ट घालताना पंपघरातल्या सवयीने प्रत्येकाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळली, वर नळाचे सांधे बुजवायचा सफेदा फासला. आत थेंब आला नाही. टपही पुन्हा निघाला नाही.

यंदा वहिनींची फुप्फुसं थकली. बंद जागेत त्यांचा जीव घुसमटे. दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी एकदा जीपमधून फिरवून आणा. नुसत्या काचा खाली करून नाही हं, टप काढून. मग म्हणाल तिथे येते."

दुसऱ्याच सकाळी दादांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. दोन बोल्टांशी झटून तो घामाघूम झाला.

"दादा, हा टप आहे की पाण्याची टाकी?"

"का, गळतोय कुठे?"

"गळत नाही हो. निघतही नाही."

पुढचे बोल्ट रॉकेल पाजून, ठोकून कसेबसे सुटले. मागच्या एकाचं डोकं तुटलं. दुसऱ्याचा नट टप पेलणाऱ्या खांबाच्या पोकळीत निखळला आणि बोल्टाबरोबर नुसता गरगर फिरू लागला. तो धरायचा कुठून? ड्रिल लावलं, तर त्याचं टोक मोडून आतच रुतलं. शेवटी ग्राइंडर काढला. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा धूर थेट वहिनींच्या खोलीत शिरला आणि त्यांना ढास लागली. मी धावत जाऊन खिडकी लावली.

"लावू नका हो भाऊजी."

"थोडाच वेळ, वहिनी."

"तुमच्या दादांचा थोडा वेळ मला ठाऊक आहे," त्या खोकल्यातून हसल्या.

दादांनी ग्राइंडर बंद करायला लावला. "टपच कापून टाक," ते म्हणाले.

"कापायलाही हाच लागणार, दादा. गाडी ढकलत गॅरेजला नेतो. उद्या देतो."

जीप तशी चालवण्याजोगी राहिलीच नव्हती. टप पुढून उचलला गेलेला, मागून आवळलेला. गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही ती ढकलली. परत आलो तर वहिनींचे ओठ निळसर पडले होते. खिडकी सताड उघडली, पाठीशी उशा लावल्या. श्वास काही पुरेना.

रुग्णवाहिका आली. वहिनींना आत निजवलं, तेव्हा त्यांची नजर गल्लीच्या टोकाकडे होती. दादांनी चालकाला विचारलं, "मागची एखादी काच उघडता येईल का?"

"नाही आजोबा, पक्क्या बसवलेल्या असतात. बसा लवकर."

दादा चढले. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि चालकाने बाहेरून दार लावून घेतलं.